निफाडची थंडी निर्दोष आहे

लेह, १२ जानेवारी

प्रिय दत्ता,

पत्र मिळालं. निफाडला पारा पाचावर उतरला, बागेत शेकोट्या पेटवाव्या लागल्या आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर रुसला, हे वाचून वाईट वाटलं. पण "तुम्ही तिथे उणे वीसमध्ये गाड्या कशा चालू करता?" हा प्रश्न मात्र तू चुकीच्या माणसाला विचारलास. कारण लेका, पाच अंशांत इंजिन लागत नसेल तर खोट थंडीत नाही, ट्रॅक्टरमध्ये आहे.

डिझेलला ठिणगी देणारा प्लग नसतो, हे तुला सांगायला नको. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. इंजिनाचा गार लोखंडी ब्लॉक ही उष्णता खातो. त्यात सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, मंद फिरला तर दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या कडेने निसटते आणि उरलासुरला जोरही जातो. आमच्याकडे लेह साडेतीन हजार मीटरवर, हवा तुमच्या दोन तृतीयांशच. म्हणजे दाबायलाच माल कमी! वर ऑइल घट्ट आणि बॅटरी निम्मी गळालेली.

म्हणून इथली सकाळ आदल्या संध्याकाळीच ठरते. टिप्परच्या दोन्ही बॅटऱ्या काढून पोरं बुखारीच्या, म्हणजे शेगडीच्या, गरम खोलीत आणून ठेवतात. ओझं उचलताना शिव्या देतात, पण आणतात. टाकी भरून ठेवायची, नाहीतर रिकाम्या जागेतल्या हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं आणि फिल्टरमध्ये बर्फ धरतं. फिल्टरखालचा नळ सोडून पाणी काढायचं, ब्रेकच्या एअर टँकचंही काढायचं, आणि तोंड सकाळच्या उन्हाकडे करून गाडी लावायची. कूलंट निम्मं-निम्मं असेल तर ते उणे पस्तीसपर्यंत तग धरतं. साधं पाणी घातलेलं असेल तर ब्लॉकच फुटतो.

खरी डोकेदुखी डिझेलचीच. त्यात मेण असतं. डिसेंबरात तुमच्या घरी खोबरेल तेलाची बाटली थिजते तसंच ते आधी गढूळ होतं, मग मेणाचे कण फिल्टर बुजवतात. टाकीत डिझेल डुचमळत असतं आणि पंपाला घोटभरही मिळत नाही. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते पानिपतच्या रिफायनरीत बनतं. पण खालून कोणी टाकीत मैदानी डिझेल घेऊन वर आला, की पहिल्याच रात्री त्याची गाडी उभी.

मग सुरू होतात जुने उपाय. टाकीखाली स्टोव्ह पेटवायचा. हे मी आमच्या यार्डात करू देत नाही. ब्रेकच्या नायलॉन नळ्या आणि वायरिंग तिथूनच जातात. दुसरा उपाय रॉकेल मिसळायचं. डिझेल पातळ होतं खरं, पण पंपाला वंगण डिझेलच पुरवतं, ते कमी झालं की पंप झिजतो. तिसरा, हवेच्या वाटेने ईथरचा स्प्रे. आतली हवा तापवणारा हीटर चालू असलेल्या इंजिनात तो मारला तर तो भलत्याच वेळी पेटतो. पिस्टन फुटलेले मी पाहिलेत. नवीन गाड्यांमधला, धूर साफ करायला वापरतात तो युरियाचा द्राव उणे अकराला गोठतो, त्याची मात्र भीती नको. इंजिन त्याच्यावाचून लागतं, आणि गरम कूलंटची नळी तो नंतर वितळवते.

तर आता तुझा ट्रॅक्टर. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघ. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, म्हणजे दाब कमी किंवा फिरणं मंद. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही: फिल्टर बघ, एअर धरली असेल तर हँडपंपाने काढ. मग बॅटरीवर मीटर लाव. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी, तिची टर्मिनलं आणि अर्थिंगची वायर आधी तपास. ते सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घे, उगाच मिस्त्रीच्या सांगण्यावरून डिझेल फवारणारं नोझल बदलत बसू नकोस. आणि लागल्या लागल्या रेस देऊ नकोस, ऑइल वर चढू दे.

मीटरचा आकडा बघून लगेच कळव. अण्णांना नमस्कार सांग, वहिनींना विचारलं म्हण. फेब्रुवारीत सुट्टी मिळाली तर येतोच, द्राक्षं ठेव.

तुझा,
विलास