बाबांची गोळी आणि सांभारवडी

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, नवी गोळी घ्यायची नाही, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घेता ती असिट्रॉमच चालू राहील. डॉक्टरांशी बोलून मी हे पक्कं करून टाकलंय, तुम्हाला न विचारता. रागावू नका. शेजारच्या काकांना ती चालते, कारण त्यांच्या हृदयाचे फक्त ठोके अनियमित आहेत, झडप स्वतःची आहे. तुमची धातूची. अशाच झडपेच्या रुग्णांना नव्या औषधांपैकी डाबिगाट्रान देऊन पाहिलं होतं. गुठळ्याही जास्त झाल्या, रक्तस्रावही, चाचणी मध्येच थांबवावी लागली. 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालंय. सारखं तपासणीसाठी रक्त द्यायचा कंटाळा येतो, कळतं मला. पण हे नाही.

आई, तू अजून स्वतःलाच बोल लावून राहिली म्हणे. एकही गोळी चुकली नाही, तरी गुठळी झालीच कशी? अगं, त्या गोळीने रक्त पातळ होत नाही. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात, त्यांना के जीवनसत्त्व लागतं, गोळी तिथे अडवते. रक्त धातूला लागून गोठायला सुरुवात होते, ती मात्र होतच राहते. हिवाळ्यात मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं भरपूर. पानांतून के जास्त गेलं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, 1.6 वर आला; तो कमी म्हणजे रक्त लवकर गोठतं. बाबांना 2.5 ते 3.5 लागतो. तुझ्या हाताचा यात काही दोष नाही. सांभारवडी बंद करू नकोस, फक्त एकदम डबाभर नको. पालेभाजी रोज थोडी, सारखीच.

मला आत्ता रजा नाही, जीव तिकडेच आहे. दर सोमवारी सकाळी लॅबचा मुलगा घरी येईल, पैसे भरलेत, उन्हात बर्डीवर जायचं नाही. कूलरच्या ताट्या बदलायलाही माणूस सांगितलाय.

बाबा, लहानपणी तुमच्या छातीवर कान ठेवून झोपायची, तेव्हा वाटायचं सगळ्यांच्याच बाबांची छाती टिकटिक वाजते. आई, ती टिकटिक दबल्यासारखी वाटली, धाप लागली, तोंड वाकडं झालं किंवा जीभ जड झाली, तर आधी दवाखाना, मला फोन नंतर. गोळी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर काही आणायचं नाही, बाबा, अजिबात नाही.

सोमवारी रिपोर्ट आला की लगेच फोटो पाठवा.

तुमची,
छोटी