उडती नाव बुडली कशी?

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

विमानाचं पोटच नावेचं, मग समुद्रावर उतरल्यावर ते बुडतं कसं, असं तू विचारलंस. यावर ‘कॅव्हेलियर’ नावाच्या विमानाची हकीकत सांगतो. तिच्यावर दोन संकटं एकाच दुपारी आली, आधी इंजिनाचं, मग पाण्याचं.

ही इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची शॉर्ट एम्पायर जातीची उडती नाव, म्हणजे पाण्यावर उतरणारं, नावेच्या पोटाचं विमान. चार ब्रिस्टल पेगासस इंजिनं, भरलेलं वजन सुमारे १८ टन. याच जातीच्या नावा तेव्हा कराची-कलकत्ता वाटेवर राजसमंद आणि ग्वाल्हेरला तळ्यात उतरायच्या. कॅव्हेलियर मात्र न्यूयॉर्क-बर्म्युडा मार्गावर होती. २१ जानेवारी १९३९ला ती न्यूयॉर्कजवळच्या पोर्ट वॉशिंग्टनहून निघाली तेव्हा आत ८ प्रवासी आणि ५ कर्मचारी होते. वाटेत ढग लागले आणि इंजिनांचा जोर जाऊ लागला.

बर्फ म्हटलं की तुला पंख आठवतील. इथे तो कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात धरला. माठ पाझरतो आणि पाणी गार होतं ना, तसंच इथे. पेट्रोलची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं, त्यात अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब पडून ती आणखी गार होते. दोन्ही मिळून तापमान २० अंशांहूनही जास्त उतरू शकतं. म्हणजे बाहेर १५ अंश असलं तरी हवा दमट असेल तर थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या झडपेभोवती बर्फ जमतो. फार कडक थंडीत उलट धोका कमी, कारण त्या हवेत ओलच नसते. हे पुष्कळांना पटत नाही.

गळा चोंदला की हवा कमी, पेट्रोल जास्त, इंजिन अडखळतं. वैमानिक साहजिकच थ्रॉटल आणखी उघडतो, पण त्याने बर्फ जात नाही. उपाय एकच: एक्झॉस्टवरून, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या तापलेल्या नळीवरून तापवलेली हवा आत घ्यायची, आणि तीही वेळेत. इंजिन मंदावलं की एक्झॉस्टही निवतो, मग तापवणार कशाने? आणखी एक मेख अशी की गरम हवा सोडताच वितळलेलं पाणी इंजिनात जातं आणि इंजिन क्षणभर जास्तच खोकतं. नवखा घाबरून गरम हवा बंद करतो. तिथेच फसतो.

कॅव्हेलियरच्या चौकशीचा निष्कर्षही कार्ब्युरेटरमधला बर्फ हाच निघाला. आतल्या दोन इंजिनांची शक्ती पूर्ण गेली, बाहेरच्या दोघांची काही अंशी.

आता तुझा मूळ प्रश्न. उडत्या नावेचा तळ बंदराच्या, खाडीच्या पाण्यासाठी बांधलेला असतो. ड्युरालुमिन या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा, रिव्हेटने जोडलेला. भर समुद्रात मोठ्या लाटांच्या रांगांना समांतर उतरायचं असतं. आडवं गेलं तर नाक पुढच्या लाटेच्या भिंतीवर आदळतं. पण लाटा एकीकडून आणि वारा दुसरीकडून असला की जागा निवडायला, एकदा उठून पुन्हा फेरी घ्यायला इंजिन लागतं. तेच नव्हतं. तळ फुटला. थोड्याच वेळात रेडिओवर एक शब्द आला, ‘बुडतोय’.

प्रवाशांनी आसनांचे पट्टे बांधले नव्हते. विमानात तराफाही नव्हता. लोक जीवरक्षक पट्ट्यांना धरून एकमेकांना बिलगून तरंगत राहिले. सुमारे १० तासांनी ‘एसो बेटाउन’ या तेलवाहू जहाजाने १० जणांना उचललं. तिघे गेले.

तराफ्याचं विचारशील म्हणून लिहून ठेवतो: तो दाराबाहेर ढकलूनच फुगवायचा, आणि दोरी आधी विमानाला बांधायची. आत फुगला तर तोच दार अडवतो, आणि दोरी नसेल तर वारा त्याला आपल्याआधी घेऊन जातो.

तुझाच,
अण्णा