रविवारच्या वाचनसभेबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, विद्यापीठीय संशोधनावरील आपली मासिक वाचनसभा येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता सांगलीत नेहमीच्या जागी होईल. विषय हळदीचा आहे. बांगलादेशात हळकुंडांना पॉलिश करताना उजळ पिवळेपणासाठी लेड क्रोमेट हे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य लावले जाई, आणि तेच शिसे तेथील गर्भवतींच्या रक्तात उतरल्याचे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी शिशाच्या समस्थानिकांची (म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणुप्रकारांची) तुलना करून २०१९ मध्ये दाखविले. जनजागृती व कारवाईनंतर बाजारातील शिसेयुक्त नमुन्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आले. भौगोलिक मानांकन मिळालेल्या हळदीच्या आपल्या गावात हा विषय इतका उशिरा यावा, याचे नवलच वाटते. टिपण कृपया वाचूनच यावे. गेल्या खेपेस निम्मा वेळ ते वाचून दाखविण्यातच गेला.