आधी पाणी पाहा, मग पेरा ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे-जूनमध्ये वादळ आले की रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर भागांतल्या आडव्या पडलेल्या केळीबागांची छायाचित्रे आपल्या दैनिकात येतात आणि पंचनाम्यांची, भरपाईची मागणी होते. ती मागणी रास्तच आहे. पण बांधाला बांध लागून असलेल्या दोन बागांचे सारखेच नुकसान होते. एक घर पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहते आणि दुसरे सावकाराच्या दारात जाते. हे कशामुळे होते, त्यावर फारसे कुणी लिहीत नाही. हा फरक बहुतेक वेळा वादळाच्या वर्षभर आधी, पेरा ठरवताना पडलेला असतो, म्हणून हे पत्र.

खान्देशाला ही गोष्ट नवी नाही. पांझरा नदीवरची फड पद्धत शेकडो वर्षे आधी पाणी पाहून मग पेरा ठरवायचा, याच एका नियमावर चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली आणि एका फडात सगळ्यांचे एकच पीक. बंधाऱ्यात पाणी किती, हे पाहून यंदा किती फड भिजवायचे ते गाव ठरवी. पाणी कमी असले की एखादा फड कोरडा सोडायचा. प्रत्येकाचा तुकडा वेगवेगळ्या फडांत असल्याने कोरड्या फडाची झळ सगळ्यांना थोडी थोडी बसे, एकाचेच घर बुडत नसे. पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या, दोघेही गावाने नेमलेले. आज आपण नेमके उलटे करतो. भाव पाहून क्षेत्र ठरवतो, रोपे बुक करतो आणि मग पाणी, पैसा, मजूर शोधत फिरतो.

आधी पाण्याचे पाहू. सहा बाय पाच फुटांवर केळी लावली तर एकरी १,४५२ झाडे बसतात. मे महिन्यात भरल्या झाडाला रोज २० लिटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे एकराला रोज साधारण २९,००० लिटर. आता आपल्या मोटारीचे पाणी मोजा. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. ४० सेकंदांत भरला तर तासाला १८,००० लिटर झाले. कागदावर आठ तासांच्या विजेत हे पाणी पाच एकरांना जेमतेम पुरते आणि इथेच घात होतो, कारण हा ड्रम आपण जानेवारीत भरलेला असतो. मे महिन्यात तीच ट्यूबवेल तीन तासांत हवा धरते. तीन तासांचे ५४,००० लिटर, म्हणजे दोन एकरही नाही. चार एकर लावणाऱ्याची दोन एकर वाळून दोन एकर वाचते असेही होत नाही. तो पाणी चारही एकरांत वाटतो आणि सगळ्याच बागेची रास, म्हणजे घडाचे सरासरी वजन, उतरते. म्हणून मोजणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करावी. मोटार किती वाजता सुरू केली, किती वाजता पाणी तुटले, पुन्हा किती तासांनी आले, हे वहीत तारखेसह लिहावे. पुढच्या वर्षीचे केळीचे क्षेत्र त्या पानावरून ठरवावे, त्यातही चौथा हिस्सा कमी धरून.

ठिबक आहे म्हणून पाणी पुरेल, हा दुसरा भ्रम. तासाला चार लिटर सोडणाऱ्या ड्रिपरने तीन मिनिटांत २०० मिलीलिटर द्यायला हवे. मापाचा पेला घेऊन सबमेनजवळचा (उपमुख्य नळीजवळचा), मधला आणि नळीच्या टोकाचा ड्रिपर मोजा. टोकाला १८० च्या खाली भरले तर नळ्यांत क्षार बसले आहेत. आपल्याकडच्या ट्यूबवेलच्या जड पाण्यात हे ठरलेलेच आहे. आधी नळ्यांची टोके उघडून गढूळ पाणी निघून जाऊ द्यावे, मग आम्लप्रक्रिया करावी. पाण्याचा सामू (पीएच) चारपर्यंत उतरेल इतके आम्ल सोडायचे, मोटार बंद करून ते २४ तास नळ्यांत राहू द्यायचे आणि पुन्हा टोके उघडून धुवायचे. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. ते अंगावर उसळते.

सगळी केळी एकाच वेळी लावणे ही दुसरी मोठी चूक. जून-जुलैत लावलेल्या मृगबागेला मे महिन्यात घड लटकलेले असतात. लू आणि वादळ दोन्ही तेव्हाच येतात आणि घडाच्या वजनाचे झाड आधी आडवे होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेला कांदेबाग त्या वेळी अजून निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडण्यावर, आलेला नसतो. चार एकर असतील तर दोन-दोन करा. रोपे, मजूर, कटाई यांचा त्रास वाढतो, हे खरे. पण पैसा वर्षात दोनदा येतो आणि एका वादळात सगळे जात नाही. वारा अडवायला बागेच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूंना शेवरीच्या दोन ओळी रोपांबरोबरच लावाव्यात. एप्रिलमध्ये आठवण होऊन काही उपयोग नसतो.

जोडधंदा करा, आंतरपीक घ्या, असा सल्ला सगळेच देतात. तो डोळे मिटून घेऊ नये. केळीच्या कोवळ्या बागेत काकडी, भोपळा, टोमॅटो किंवा मिरची घेतली की हरण्या रोगाला, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूला, आवतण दिले जाते. ही पिके त्याच विषाणूची घरे आहेत आणि मावा तो केळीवर आणून सोडतो. पानांवर पिवळे पट्टे दिसलेले रोप औषधाने बरे होत नाही; ते उपटून बागेबाहेर नेऊन नष्टच करावे लागते. आंतरपिकाच्या चार पैशांपायी बाग गमावणे कुणाला परवडेल? वेगळे पीक हवे तर ते वेगळ्या वावरात घ्यावे. काळ्या भारी जमिनीत रब्बीची दादर ज्वारी ओलीवर येते, जनावरांना कडबा देते आणि घरात धान्य पडते. भाव पडलेल्या वर्षी ही दादरच घर चालवते, याची जाण जुन्या माणसांना होती.

कापसाबद्दल थोडक्यात. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या (कापसाची झाडे) उपटाव्यात. फरदडीचे, म्हणजे हंगामानंतरही राखलेल्या कापसाचे, दोन-तीन क्विंटल दिसतात, पण गुलाबी बोंडअळी त्याच बोंडांत राहून पुढच्या वर्षीच्या पिकावर येते आणि फवारणीत ते पैसे दुपटीने जातात. कापूस विकताना ओलावा सांभाळा. हमीभावाची खरेदी ८ टक्के ओलाव्यावर धरलेली असते, त्यावर दर कापतात आणि १२ टक्क्यांवर कापूस घेतच नाहीत. दव असताना वेचलेला कापूस तसाच गाठोड्यात बांधला की आतून गरम होतो, पिवळा पडतो. ऊन चढल्यावर वेचावा, कवडी (किडका, डागाळलेला कापूस) वेगळी ठेवावी. आणि भाव वाढेल म्हणून सगळा माल घरात भरून ठेवू नये. २०२१-२२ मध्ये भाव दहा हजारांच्या वर गेला. त्या आशेवर पुढच्या हंगामात गावोगाव घरे कापसाने भरली, लेकरांच्या अंगाला खाज सुटली आणि भाव खाली आला. पहिल्या दोन वेचण्यांतून सोसायटीचे आणि दुकानाचे देणे निघेल एवढा माल विकून टाकावा. उरलेल्याचा जुगार ज्याला खेळायचा त्याने खेळावा.

आता पैशाचे. हीच सगळ्यात दुबळी बाजू आहे. आपल्याकडे शेताची आणि घराची पिशवी एकच असते. लग्न, दवाखाना, फी, खत, सगळे एकाच खात्यातून जाते आणि वर्षअखेरीला केळीने कमावले की गमावले हे कुणालाच सांगता येत नाही. दोन बँक खाती ठेवा. विक्रीचा सगळा पैसा शेताच्या खात्यात. त्यातून दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात, भाव कितीही असो. घरातली जी माणसे शेतात राबतात, बायकासुद्धा, त्यांची मजुरी गावच्या दराने वहीत खर्ची टाका. ती धरली नाही तर तोट्यातले पीकही नफ्यात दिसते आणि आपण तेच वाढवत जातो. प्रत्येक वावराला वहीचे वेगळे पान द्या. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, वीज, भाडे त्या त्या पानावर चढवा. दोन वर्षांत कळते की एखादे दूरचे वावर फक्त मोटारसायकलचे पेट्रोल खात होते.

उधारीचेही गणित मांडा. रोखीत १,००० ला मिळणारी वस्तू सहा महिन्यांच्या उधारीत १,१०० ला पडत असेल तर ते सालाना २० टक्के व्याज झाले. याउलट तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळते, मुदतीत फेडले तर केंद्राच्या सवलतीने ४ टक्के पडते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तेही उरत नाही. हे बिनव्याजी कर्ज एका तारखेवर अवलंबून असते. केळीचा पैसा जून-जुलैत येणार आणि भरणा मार्चमध्ये करायचा, असा मेळ बसला नाही की माणूस हातउसने आणून नवे-जुने करतो, म्हणजे जुने कर्ज भरून लगेच नवे उचलतो, आणि मधल्या पंधरवड्याचे व्याज वर्षाची सवलत खाऊन जाते. परतफेडीची तारीख बँकेकडून वा सोसायटीकडून लेखी घ्या आणि त्या रकमेचा कापूस डिसेंबरातच बाजूला काढा.

ट्रॅक्टरच्या बाबतीत मन घट्ट करावे लागते. समजा आठ लाखांचा ट्रॅक्टर दहा वर्षांनी एक लाख साठ हजारांना विकला. वर्षाचा घसारा ६४,००० झाला; व्याज सरासरी ४८,००० धरले, विमा-दुरुस्ती-टायर ४०,०००. डिझेल आणि चालक धरण्याआधीच दीड लाख. दहा एकरांच्या शेतकऱ्याचे स्वतःचे काम वर्षाला १५० तासांचे असेल तर तासाला हजार रुपये पडले. गावातल्या भाड्याशी हा आकडा ताडून पाहावा. शेजाऱ्यांचे काम मिळणार असेल आणि घरात चालवणारे पोर असेल तरच हप्ता डोक्यावर घ्यावा.

कागदांकडे दुर्लक्ष करून अनेक चांगली घरे अडकलेली आहेत. आजोबांच्या नावावर सातबारा, चुलत्याच्या नावावर वीजजोडणी, विहीर सामाईक आणि पाळी फक्त तोंडी. असे असले की पीककर्ज, ठिबकचे अनुदान, विमा, सगळे एका सहीसाठी थांबते. वारसनोंद लगेच करावी. विहिरीची पाळी, बिलाचा आणि मोटार-दुरुस्तीचा हिस्सा कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हक्क आहे. त्याविषयी थोरले हयात असतानाच बहिणींशी मोकळे बोलावे, हक्कसोडीचा कागद ऐनवेळी पुढे सरकवू नये. घरधनीण शेत सांभाळते तर लक्ष्मीमुक्ती योजनेतून तिचे नाव सातबाऱ्यावर यावे. नवऱ्याच्या पश्चात तिला कोण विचारते हे आपण सगळे जाणतो. ई-पीक पाहणी हंगामात वेळेवर करावी. वादळाने केळीचे नुकसान झाले तर ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवावे आणि झोपलेल्या झाडांचे फोटो ती तोडण्याआधी काढावेत. थंडी आणि उन्हाच्या भरपाईचा निकष मात्र महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद असतो, आपले वावर नव्हे. ती रक्कम धरून पेरा करू नये.

हे सगळे ठरवायचे कधी? आपल्याकडे तो दिवस ठरलेलाच आहे. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपते आणि आखाजीलाच नवे ठरते. विहिरी तळाला गेलेल्या असतात, कापूस विकून झालेला असतो, मृगबागेची रोपे अजून आलेली नसतात आणि लेकी माहेरी आलेल्या असतात. त्या आठवड्यात एक संध्याकाळ घरातल्या सगळ्यांनी, सुनांनी आणि मोठ्या मुलांनीही, वही मधोमध ठेवून बसावे. मागच्या मे महिन्याचे पाण्याचे पान, वावरांची पाने, देण्याच्या तारखा मोठ्याने वाचाव्यात. सहा महिन्यांचा घरखर्च आणि एका हंगामाची रोपे-खते निघतील एवढी शिल्लक खात्यात नसेल तर त्या वर्षी क्षेत्र वाढवायचे नाही, नवे यंत्र घ्यायचे नाही. पाणी कमी असेल तर एक वावर कोरडवाहू सोडायचे, तेही कुणा एका भावाचेच नको, पाळीने.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. केळीचे भाव आपण नवती, पिलबाग, कांदेबाग अशा बागांच्या प्रकारांनुसार वेगवेगळे छापता, त्याचा फार उपयोग होतो. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात त्याच पानावर पाणी मोजण्याचा आणि एकरी खर्चाचा एक कोरा तक्ता छापावा, म्हणजे ज्याच्या घरी वही नाही तोही कात्रण भिंतीला लावून त्यात आकडे भरू शकेल.

आपला,
एक केळी-कापूस उत्पादक
ता. यावल, जि. जळगाव