बीड बायपासपलीकडे घर घेण्याआधी

छत्रपती संभाजीनगर

चि. सौ. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

जावईबापूंचं काम बिडकीनला हलतंय, तर घर बीड बायपासपलीकडच्या सातारा-देवळाईत बघावं असं तुम्हा दोघांच्या मनात आहे. दिशा बरोबर आहे. काम शेंद्र्याला असतं तर जालना रोड सुचवला असता. बिडकीन पैठण रस्त्यावर. बायपासने महानुभाव आश्रम चौकात आलं की थेट त्याच रस्त्याला लागता येतं, रोज शहर ओलांडायची पाळी येत नाही. कालपर्यंत रुळांपलीकडचा म्हणून लोक ज्या भागाला नाक मुरडायचे, तिथे आता पुण्याहून परत येणारी मंडळी घरं शोधतायत. बायपास रुंद झाला, देवळाई चौकात उड्डाणपूल आला, शिवाजीनगरच्या फाटकाजवळ भुयारी मार्ग झाला, आणि ऑरिकमुळे (शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक शहरामुळे) नोकऱ्यांची आशा आली. हे सगळं खरं आहे. पण रस्ता दोन-तीन वर्षांत होतो, पाणी आणि कागद त्या वेगाने सुधारत नाहीत. टाइल्स, किचन ओटा, लिफ्ट नंतर बघ.

आधी पाणी. नाथसागरातून शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या वाहिन्या 700 आणि 1400 मिलिमीटरच्या. मध्यंतरी 900 ची टाकली, आणि 2500 मिलिमीटरच्या मोठ्या योजनेचं भूमिपूजन 2020 च्या डिसेंबरात झालं. मोठी वाहिनी आली म्हणजे तुझ्या नळाला पाणी आलं असं समजू नकोस. त्या भागाचा जलकुंभ चालू हवा, गल्लीत वितरणाची पाइपलाइन हवी आणि इमारतीची नळजोडणी मंजूर हवी. बिल्डर ‘लवकरच मनपाचं पाणी’ म्हणाला की नळजोडणीचा मंजुरीचा कागद माग.

आता हिशेब कर. माणशी 135 लिटर धरले तर चौघांना रोज 540 लिटर. 24 फ्लॅटच्या इमारतीला झाले जवळपास 13,000 लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर रोज एक घेतला तरी कमीच पडतो. नळ पाच दिवसांआड आला तर जमिनीखालच्या हौदात 65,000 लिटर मावले पाहिजेत. झाकण उघडून लांबी, रुंदी, खोली स्वतः मोजा; घनमीटरला हजार लिटर. बोअरच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडचा खडक काळा पाषाण, पाणी फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. एका बोअरला धो धो पाणी आणि वीस फुटांवरचा कोरडा, हे नेहमीचं आहे. दिवाळीत भरून वाहणारा बोअर मे महिन्यात काय देतो ते शेजारच्या इमारतीतल्या बायकांना विचार, त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही. त्याच पाण्याची तपासणीही करून घे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावा. त्याहून बराच वर गेला तर गीझरची कॉइल आणि नळांच्या जाळ्या क्षारांनी भरत राहतील.

कागदांचं मात्र जास्त मनावर घे. हा भाग आधी ग्रामपंचायतीत होता, मग थोडा काळ नगरपरिषद, मग महापालिका. त्यामुळे ‘नमुना 8 आहे, कर भरतो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे. त्याने मालकीही सिद्ध होत नाही आणि बांधकाम परवानगीही मिळत नाही. गुंठेवारीचा (मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला) प्लॉट असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र बघ, आणि ते फक्त प्लॉटचं आहे की वरच्या बांधकामाचंही, हे नीट वाच. बहुतेक जण नेमके तिथेच फसतात. तीन मजले नियमित केलेले आणि चौथा नंतर चढवलेला असला, तर बँक चौथ्यावर कर्ज द्यायला का-कू करते.

सातबारा आजचा बघून थांबू नकोस. निजामाच्या मुलखातली जमीन आहे ही. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) लिहिलंय का बघ, आणि मागे जात 1954-55 च्या खासरा पत्रकापर्यंत, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीपर्यंत, सगळे फेरफार वकिलाकडून काढून घे. मदतमाश, खिदमतमाश, इनाम किंवा संरक्षित कुळ असा शब्द कुठे दिसला, तर ती जमीन पुढे कोणत्या आदेशाने मोकळी झाली तो आदेश हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. खिदमतमाश तर मशीद, दर्गा किंवा देवस्थानाच्या सेवेपोटीची जमीन, ती विकायचा अधिकारच मुळात नसू शकतो.

रस्त्याची आखणीही त्याच फेरीत काढा. 2025 मध्ये रुंदीकरणात कितीतरी इमारतींचे पुढचे भाग पाडले गेले, ते तू फोटोंत पाहिलंस. नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. विकास आराखड्यात रस्ता 60 मीटरचा असेल तर मध्यापासून 30 मीटर टेपने मोजा, इमारत त्याच्या बाहेर हवी. उलट 9 मीटरपेक्षा अरुंद गल्लीत प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे पैसे भरून किंवा विकत घेऊन मिळणारं जादा बांधकाम, मिळत नाही. तिथे उंच इमारत दिसली तर मंजूर नकाशा मागितल्याशिवाय पायरी चढू नका.

काळ्या मातीची जमीन असेल तर पाया खाली कडक मुरमापर्यंत गेलाय का ते विचार. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग आणि पार्किंगची खचलेली फरशी, या दोन खुणा दिसल्या तर रंगाला भुलू नकोस.

पैशांचं थोडक्यात: महारेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पात करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असेल, किंमत 45 लाखांपर्यंत आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) 90 चौरस मीटरपर्यंत असेल तर 1 टक्का, नाहीतर 5. घर तुझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, तसंच घ्यावं असं माझं मत.

तुम्ही बघताय त्या तिन्ही जागांचे गट नंबर मला पाठव, सातबारे आणि फेरफार मी काढून ठेवतो. साइट बघायला याल तेव्हा सकाळी साडेसहालाच जाऊ. टँकर त्याच सुमारास येतात, किती येतात ते मोजता येईल.

तुझे,
बाबा