‘विद्यार्थी’ म्हणायचे, तर बबल कसा करणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील बिग टेन आणि पॅक-१२ या विद्यापीठांच्या दोन बड्या गटांनी करोनाच्या साथीमुळे ११ ऑगस्ट २०२० ला कॉलेज फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलल्याची बातमी आपल्या क्रीडापानावर चार ओळींत आली. सोबत गोल चेंडूचे चित्र होते. हा तो फुटबॉल नव्हे. यात चेंडू लंबगोल असतो, तो हातात घेऊन पळायचे असते आणि पळणाऱ्याला आडवे पाडायचे असते. चित्राचे एक वेळ राहू द्या. खटकले ते ‘चाहत्यांच्या हट्टापायी’ खेळाचा घाट घातला जात होता असे सुचवणारे शब्द, आणि ती बातमी वाचून व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागलेला प्रश्न : आयपीएल अमिरातीत नेता येते, एनबीए ही बास्केटबॉल स्पर्धा ऑर्लँडोत एका आवारात उरकता येते, मग यांनाच बबल (खेळाडूंना बाहेरच्यांपासून अलग ठेवणारी व्यवस्था) करायला काय धाड भरली आहे?

आधी यंदाचे, म्हणजे २०२० चे, आकडे पाहू. आयपीएलमध्ये ८ संघ, संघात जास्तीत जास्त २४ खेळाडू, म्हणजे १९२ माणसे. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत १३० संघ आहेत. शिष्यवृत्तीवरचे ८५ आणि बिनशिष्यवृत्तीचे धरले, तर एकेका संघात ११० च्या आसपास मुले. म्हणजे चौदा हजारांच्या वर, तीही देशभर विखुरलेली. पण खरी अडचण संख्येची नाहीच. क्रिकेटपटू करारबद्ध असतो. मानधन घेतो आणि त्या बदल्यात ५३ दिवस हॉटेलात कोंडून घेतो. कॉलेजच्या खेळाडूला २०२० सालीही पगार नाही. तो ‘विद्यार्थी’ आहे, नोकर नाही, या एका वाक्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. क्लेमसन विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला गेल्या वर्षी ९० लाख डॉलरांहून अधिक मिळाले आणि बिग टेनमधल्या जुन्या सभासद विद्यापीठांना गटाकडून वर्षाला ५ कोटी डॉलरांच्या वर वाटा येतो, तरीही. मुलांना वर्गापासून तोडून हॉटेलात ठेवले, की ते नोकर आहेत हे आपल्याच हाताने लिहून दिल्यासारखे होते. ते कुणालाच नको आहे.

दुसरे, इथे बीसीसीआय नाही. एनसीएए ही शिखर संस्था नियम करते, पण वरच्या श्रेणीचे विजेतेपद तिच्या हातात नाही. वेळापत्रक आणि दूरचित्रवाणीचे करार गट आपापले करतात. गट दहा, म्हणून निर्णयही दहा. मिड-अमेरिकन गटाने ८ ऑगस्टला सर्वांत आधी हात वर केले. त्यात वैद्यकीय कारण होतेच, पण तिजोरीचेही होते. या छोट्या विद्यापीठांचे संघ मोठ्यांच्या मैदानावर जाऊन मार खातात आणि त्या एका शनिवारचे दहा लाख डॉलर किंवा त्याहूनही जास्त घेऊन येतात. बिग टेनने ९ जुलैला ‘फक्त आपापसात खेळू’ म्हटले आणि ते शनिवार गेले.

जून-जुलैत चाहते ज्यावर सर्वांत जास्त भांडले तो आकडा म्हणजे १४. बाधिताच्या सहा फुटांच्या आत पंधरा मिनिटे असलेला तो ‘निकट संपर्क’, आणि त्याचे विलगीकरण १४ दिवसांचे. बाधिताला मात्र १० दिवस. आता गुरुवारी एक खेळाडू चाचणीत बाधित निघाला असे समजा. आघाडीच्या फळीतली मुले एकाच खोलीत चित्रफिती पाहतात, एका टेबलावर जेवतात, म्हणजे पाच-सहा जण संपर्कात आले. बाधित मुलगा दुसऱ्या रविवारी मोकळा होतो. त्याच्या हृदयाच्या तपासण्या होतात (ईसीजी, इको आणि रक्तातले ट्रोपोनिन), कारण या विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची धास्ती आहे. त्या ठीक निघाल्या, तर कागदावर तरी तिसऱ्या सामन्याआधी त्याला सरावाला जवळजवळ पूर्ण आठवडा मिळतो. ज्याला काहीच झाले नाही तो शेजारी मात्र पुढच्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी सुटतो. त्याचे दोन सामने बुडाले आणि तिसऱ्याच्या आधी हातात उरला एकच शुक्रवार. मधल्या काळात चाचणी नकारात्मक आली तरी १४ चे १३ होत नाहीत. एनसीएएच्या जुलैमधील मार्गदर्शनानुसार सामन्याआधीच्या ७२ तासांत चाचणी हवी. म्हणजे बाधित सापडायचा तो नेमका बुधवार ते शुक्रवारच्या दरम्यान, पर्यायी फळी तयार करायला वेळ नसताना.

म्हणून मैदानावरच्या टकरीपेक्षा बैठकीची खोली घातक, असे जाणकार सांगत होते आणि ते मला पटते. मैदानावर दोन फळ्या वीतभर अंतरावरून एकमेकींवर आदळतात खऱ्या, संघामागे सामन्यात सत्तरेक वेळा. पण प्रत्येक टक्कर काही सेकंदांची, उघड्यावरची. खोलीत तास-तास बसणे होते. उपाय साधे आहेत. पहिला आणि दुसरा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल चालवणारा मुख्य खेळाडू) एका खोलीत बसवू नका. तिसऱ्याला राहायलाही वेगळा ठेवा. आघाडीच्या फळीचे दोन गट करा, जेवण डब्यात बांधून द्या, बैठक मोठ्या सभागृहात किंवा झूमवर घ्या. फसते ते संध्याकाळी. मुले विसाव्या वर्षाची आहेत आणि गाव विद्यापीठाचे आहे. जूनमध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठाला सराव थांबवावा लागला आणि क्लेमसनमध्ये वीसहून अधिक खेळाडू बाधित निघाले, तेव्हा एकही सामना झालेला नव्हता.

प्रेक्षकांचे गणितही चाहत्यांनी अधिकाऱ्यांआधी मांडले होते. मिशिगन विद्यापीठाचे मैदान १,०७,६०१ प्रेक्षकांचे. बसायला खुर्च्या नाहीत, लांबलचक बाक आहेत आणि त्यांवर आकडे रंगवलेले. एका माणसाच्या वाट्याला जेमतेम दीड फूट. सहा फूट म्हणजे चार जागा. चौघांचे कुटुंब बसवून पुढच्या चार जागा रिकाम्या सोडल्या की निम्मे मैदान गेले, एकाआड एक ओळ सोडली की उरले पाव. ‘२५ टक्के प्रेक्षक’ हा आकडा येतो तो इथून. पण पायरीची खोली अडीच फुटांच्या आसपास असते, म्हणजे एकाआड एक ओळीत पाचच फूट अंतर पडते. सहा फूट काटेकोर हवे असतील तर दोन ओळी सोडाव्या लागतात आणि मग उरतो सहावा हिस्सा. आणि बसवण्याचा प्रश्न सुटला तरी मध्यंतर २० मिनिटांचे असते. त्या वीस मिनिटांत सगळे एकदम उठतात आणि एकाच अरुंद बोळातून स्वच्छतागृहाकडे जातात. तिथे कसला सहावा हिस्सा!

‘१९१८च्या साथीतही खेळले होते’ हे पालुपद फार ऐकू आले. खरे आहे. ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचा सामना १९१८ पासून २०१९ पर्यंत एकदाही चुकलेला नाही. त्या वर्षी तो ३० नोव्हेंबरला झाला आणि मिशिगनने १४-० असा जिंकला. पण मिशिगनचा तो अख्खा हंगाम पाच सामन्यांचा होता, हे सांगायला कुणी तयार नसते. यंदा ५ ऑगस्टच्या सुधारित वेळापत्रकात हा सामना नोव्हेंबरअखेरीवरून २४ ऑक्टोबरला आणला, तेव्हा कोलंबसमध्ये, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावी, जणू दिवाळी श्रावणात ढकलल्यासारखा गहजब झाला. (त्या आठवड्यात तिथल्या विद्यापीठाच्या फलकांवरचे इंग्रजी ‘एम’ अक्षर लाल पट्टीने खोडतात, इतके ते वैर.) हेतू बरा होता. सामना बुडालाच तर पुढे ढकलायला शनिवार शिल्लक हवेत. ते वेळापत्रक सहा दिवस टिकले.

आता चर्चा आहे वसंतात खेळण्याची. बिग टेनमधल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनी आराखडाच मांडला आहे : फेब्रुवारीअखेरीपासून ८ सामने आणि पुढच्या शरदात १२ ऐवजी १०. कागदावर छान दिसते. पण त्या दिवसांत मिनेसोटा-विस्कॉन्सिनचे मैदान दगडासारखे गोठलेले असते, म्हणजे छताची स्टेडियम भाड्याने घ्यायची. व्यावसायिक संघ कॉलेजमधून खेळाडू निवडतात ते एप्रिलअखेरीस, त्यामुळे उत्तम खेळाडू उतरणारच नाहीत. शेवटच्या वर्षाची मुले अजून तिथेच आणि शाळेतून नवी आलेली. मग ८५ शिष्यवृत्त्यांत दोघांना बसवायचे कसे? एकाच वर्षात १८ सामन्यांचा मार शरीराने सोसायचा, हे वेगळेच.

खेळाडूंना काय हवे, हे फार उशिरा विचारले गेले. २ ऑगस्टला पॅक-१२ मधल्या खेळाडूंनी सुरक्षा आणि उत्पन्नातील वाटा मागितला. आठवड्याने क्लेमसनचा ट्रेव्हर लॉरेन्स आणि इतरांनी ‘आम्हाला खेळायचे आहे’ म्हणताना खेळाडूंच्या संघटनेचीही मागणी केली. अनेक चाहत्यांनी पहिले वाक्य उचलले, दुसरे सोडून दिले. ओहायो स्टेटच्या जस्टिन फील्ड्सने परवा, १६ तारखेला, सुरू केलेल्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या आल्या आहेत. हट्ट म्हणायचाच तर तो मैदानावरच्या मुलांचाही आहे, एवढी नोंद आपण घ्यावी.

मराठी वाचकांचा याच्याशी संबंध आहे, तो खेळामुळे नव्हे. ६ जुलैला अमेरिकी सरकारने सांगितले, की सगळे वर्ग ऑनलाइन झाले तर परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. १४ जुलैला ते मागे घेतले. त्या आठ दिवसांत पुण्या-नागपूरच्या किती घरांचा जीव टांगणीला लागला होता, ते वेगळे सांगायला नको. वर्ग भरत नसेल तर तू विद्यार्थी नाहीस, असा तो न्याय होता. तोच न्याय फुटबॉलला कुणी लावायला तयार नाही. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने १० ऑगस्टला वर्ग सुरू केले. आठवड्यात १३० विद्यार्थी बाधित निघाले आणि काल, १७ तारखेला, पदवीचे सगळे वर्ग ऑनलाइन करण्याचा निर्णय झाला. फुटबॉलचे वेळापत्रक आहे तसेच आहे. वसतिगृहे रिकामी झाली की खेळाडूंभोवती आयताच बबल होतो, असे काही चाहते आता उघड म्हणू लागले आहेत. आणि गणित म्हणून ते चुकीचे नाही.

१२ सप्टेंबरला त्याच चॅपल हिलमध्ये सिरॅक्यूजविरुद्ध सामना ठरलेला आहे, आयपीएलच्या बरोबर एक आठवडा आधी. तो झाला तर आपल्या क्रीडापानाने गुणफलकासोबत दोन आकडे जरूर छापावेत : दोन्ही संघांचे किती खेळाडू त्या दिवशी विलगीकरणात होते, आणि त्या आवारात त्या आठवड्यात किती वर्ग भरले. चित्र तेवढे लंबगोल चेंडूचे असावे.

आपला,
ओहायोतील एक वाचक
१८ ऑगस्ट २०२०