पेढ्यांचं सांगायचं राहिलं

ग्योटिंगेन, जर्मनी, 22 मार्च

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे. आधी हेच लिहिते, नाहीतर आई पुढचं वाचायची नाही. वाळलेय म्हणता तो फोनच्या कॅमेऱ्याचा दोष. भाकरीचं पीठ अजून पुरतंय, थंडी ओसरलीय, आणि रात्री लायब्ररीतून मी एकटी येत नाही, दोघी-तिघी असतो. किती वेळा सांगू?

अभ्यास लिनिअर अल्जेब्राचाच. बाबा, दहावीला तुम्ही घोटून घेतलेली क्रेमरची पद्धत आठवते? तो निश्चयक इथे रोज भेटतो. सध्या आयगेनव्हॅल्यू चाललंय. पहिल्या ओळीत 2, 1 आणि दुसरीत 1, 2 असा मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोन, घ्या. (1, 1) ला लावला की (3, 3) येतं. दिशा तीच, लांबी तिप्पट. (1, −1) मात्र होता तसाच राहतो. दिशा न बदलता लांबी जितक्या पट होते, तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू. म्हणून इथे त्या 3 आणि 1. त्यांचा गुणाकार 3, आणि निश्चयकही 3! करून बघा, चहा उकळेपर्यंत होतं. 'आयगेन' म्हणजे जर्मनमध्ये 'स्वतःचं'. हा शब्द हिल्बर्ट नावाच्या गणितज्ञाने 1904 मध्ये इथे, याच गावात रुजवला. आकडेमोड जमते मला. 'सिद्ध करा' आलं की पेन थांबतं.

इथली एक गंमत. तास संपला की मुलं बाक ठोकतात. टाळ्या नाहीत. मूठ वळायची आणि बोटांच्या सांध्यांनी लाकडावर टकटक करायची, कुणाचं दार वाजवावं तसं. दोनशे मुलं एकदम! पहिल्या दिवशी वाटलं, सरांना हाकलताहेत. तर ती शाबासकी. तास रटाळ झाला तरी ठोकतात, फक्त जरा हळू. आता माझाही हात आपोआप जातो. परवा मेसमध्ये जेवण झाल्यावर ठोकलं, सगळे वळून बघायला लागले.

आता दादाच्या लग्नाचं. लग्न 17 एप्रिलला आणि माझा पेपर 16 ला, हळदीच्याच दिवशी. कसला पेपर म्हणाल, तर हाच, लिनिअर अल्जेब्राचा. फेब्रुवारीत मी "पाच मिळाले" म्हणाले, ते पाचपैकी पाच नव्हेत. इथे 1 सगळ्यांत चांगला, 4 काठावर पास आणि 5 म्हणजे नापास. बाबा लगेच पेढे आणायला निघाले आणि मला फोनवर काही बोलता आलं नाही. विशेष काही नाही, फेरपरीक्षा इथे सगळेच देतात. म्हणजे बरेच जण.

मुहूर्त बदलू नका. करवली म्हणून काकांच्या धाकटीला उभी करा, माझी हिरवी साडी द्या तिला. तिकिटाचे पैसे पाठवू नका. व्हिसासाठी इथल्या खात्यात अडकवलेल्या पैशांतून महिन्याला सुटणारे 992 युरो पुरतात. बेकरीतल्या शनिवारच्या कामाचे 300 युरो आईच्या खात्यात टाकलेत, त्यात दादाचा आहेर करा. सांगलीच्या स्थळाला तूर्त नको म्हणून कळवा. कारण अभ्यास सांगा, दुसरं काही नको.

तुमची,
धाकटी

ता. क. 12.35 चा मुहूर्त म्हणजे इथे सकाळचे 9.05. फोन कुणाच्या तरी हातात द्या, खुर्चीवर टेकवून ठेवू नका.